परदेशातले फिलिपिनो शो: बातमी कुठे लागते, तिकीट कुठे अडतं

फिलिपिनो बँड शहरात आला, गायला आणि गेलासुद्धा, आणि आपल्याला पत्ता लागला तो दोन दिवसांनी, कुणाच्या तरी फेसबुकवरच्या व्हिडिओतून. परदेशात राहणाऱ्या फिलिपिनो माणसांच्या तोंडी हे गाऱ्हाणं नेहमी असतं. जाहिरात झालेली नसते असं नाही. झालेली असते, पण आपण बघतो तिथे नाही. मोठ्या तिकीट साइटच्या सूचनांवर किंवा स्पॉटिफायच्या यादीवर विसंबलात तर मोजकेच शो हाती लागतात. बाकीची बातमी फिरते ती किराणा दुकानाच्या काचेवरून, पैसे पाठवायच्या काउंटरवरून, चर्च सुटल्यावरच्या गप्पांतून. फिलिपिनो माणसाचा पगार आणि त्याची सुट्टी ज्या वाटेने जाते, त्याच वाटेवर पोस्टर लागतं.

घरात फिलिपिनो जोडीदार आहे, दुबईत किंवा सिंगापुरात फिलिपिनो सहकारी आहेत, किंवा नुसतंच बिनी या फिलिपिनो पॉप गटाच्या गाण्यांचं वेड लागलंय, अशा मराठी वाचकांसाठी हे लिहिलंय. शो फिलिपिनो समाजाचे, तेव्हा रीतही त्यांचीच समजून घ्यावी लागते.

कोण कुठे गातं

सगळे शो एका साच्यातले नसतात, आणि शोधायची जागा त्या साच्यावर ठरते. सगळ्यात वरचा थर जागतिक दौऱ्यांचा. एसबी१९ हा पाच मुलांचा गट २०१८मध्ये आला, आणि २०२३च्या ‘पागतातग’ दौऱ्यात परदेशातल्या मोठ्या सभागृहांत गायला. बिनी या आठ मुलींच्या गटाने फेब्रुवारी २०२५मध्ये मनिलाजवळच्या फिलिपीन अरीनातून आपला जागतिक दौरा सुरू केला. बेन अँड बेन, किंवा २०२२च्या पुनर्मीलनानंतर अमेरिका-कॅनडात फिरलेले इरेझरहेड्स, हेही याच थरात. यांची तिकिटं तिकीटमास्टर, एएक्सएस, सिंगापुरात सिस्टिक, दुबईत प्लॅटिनमलिस्ट अशा नेहमीच्या साइटवर येतात. हे शो सापडायला अवघड नाहीत. मिळायला अवघड आहेत.

दुसरा थर जुन्या जाणत्या गायकांचा: रेजिन व्हेलास्केझ, मार्टिन निएव्हेरा, गॅरी व्हॅलेन्सियानो. अमेरिकेत हे लोक कॅसिनोच्या थिएटरात, हॉटेलच्या बॉलरूममध्ये आणि उपनगरांतल्या नाट्यगृहांत गातात. प्रेक्षक वयाने मोठा, त्यामुळे प्रचारही फेसबुकवर आणि छापील साप्ताहिकांत. इथली मेख कॅसिनोत आहे. काही ठिकाणी वयाची अट १८ असते, काही ठिकाणी २१, आणि ती शोच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेली असते. आईवडिलांना शो दाखवायला सोळा वर्षांच्या मुलीसकट निघालेलं कुटुंब दारातून परत फिरतं, ते इथे.

तिसरा थर सगळ्यात निसटता. नव्वदीतले आणि दोन हजारच्या दशकातले बँड, पारोक्या नि एडगार, हेल, स्पंज कोला, आणि अलीकडचे डिसेंबर ॲव्हेन्यूसारखे, क्लबमध्ये, बँक्वेट हॉलमध्ये, शाळेच्या जिममध्ये गातात. आयोजक बहुधा त्याच शहरातला एखादा फिलिपिनो माणूस, जो दिवसा दुसरंच काहीतरी काम करतो. तिकीट इव्हेंटब्राइटवर, नाहीतर गूगल फॉर्मवर, नाहीतर थेट एखाद्या बेकरीच्या गल्ल्यावर. या थरातले शो चुकतात म्हणूनच मघाचं गाऱ्हाणं जन्माला येतं.

याखेरीज फुकटातले सण आहेत. १२ जून हा फिलिपिन्सचा स्वातंत्र्यदिन (१८९८ची घोषणा), त्यामुळे जूनमध्ये जगभर मेळे भरतात. न्यूयॉर्कमध्ये जूनच्या पहिल्या रविवारी मॅडिसन ॲव्हेन्यूवर संचलन निघतं आणि शेवटी मंचावर गाणी होतात. सॅन फ्रान्सिस्कोत ऑगस्टमध्ये येर्बा बुएना गार्डन्समध्ये ‘पिस्ताहान’ भरतो. लंडनचा ‘बॅरिओ फिएस्टा’ उन्हाळ्यातला. अशा ठिकाणी मनिलाहून आणलेला एखादा नावाजलेला गायक दुपारी उशिरा चारपाच गाणी म्हणतो. पोस्टरवर त्याचा फोटो मोठा असला तरी पूर्ण मैफलीची अपेक्षा ठेवू नये.

बातमी लावायची कशी

पहिली गोष्ट, कलाकाराच्या पानाबरोबर आयोजकाचं पान फॉलो करा. बँडच्या इन्स्टाग्रामवर दौऱ्याचं पोस्टर एकदाच येतं आणि रोजच्या पोस्टांखाली गाडलं जातं. त्या पोस्टरच्या तळाशी किंवा टॅगमध्ये प्रत्येक शहराच्या आयोजकाचं नाव असतं. तो आयोजक वर्षाला चारपाच शो आणत असेल, तर एका पानातून चारपाच बँडची खबर मिळते. आपल्या शहरात आजवर झालेल्या दोनतीन शोची जुनी पोस्टर शोधून काढा; आयोजकांची नावं पुन्हापुन्हा तीच दिसतील.

फेसबुकवर शोधताना ‘फिलिपिनो कॉन्सर्ट’ टाकून फार काही मिळत नाही. ‘ओपीएम’ (ओरिजिनल पिलिपिनो म्युझिक) टाका. फिलिपिनो लोक आपल्या स्वतंत्र गाण्यांना याच नावाने ओळखतात. पुढे ‘लाइव्ह इन’ आणि शहराचं नाव. ‘पिनॉय’ आणि शहर. महिन्याचं नाव जोडलंत तर जुन्या कार्यक्रमांचा कचरा गळतो. शिवाय शहरातल्या फिलिपिनो रहिवाशांचे गट असतात, घरभाडं आणि नोकऱ्यांच्या पोस्टांनी भरलेले. कंटाळवाणे वाटतात, पण तिकिटांची पहिली बातमी तिथेच पडते.

मग पायी फिरायच्या जागा. अमेरिकेत सीफूड सिटी आणि आयलंड पॅसिफिक ही फिलिपिनो सुपरमार्केट, त्यांच्या आवारातली जॉलिबी किंवा रेड रिबन. दाराशी बोर्ड असतो आणि त्यावर पोस्टरं एकावर एक चिकटवलेली असतात. २०२५मध्ये सीफूड सिटीने काही दुकानांत रात्री उशिरा डीजे आणि खाण्याचे स्टॉल लावायला सुरुवात केली, तेव्हा दुकानच मैफलीची जागा झालं. सॅन फ्रान्सिस्कोजवळची डेली सिटी, न्यूयॉर्कमधलं वुडसाइड, टोरंटोतला बाथर्स्ट आणि विल्सनचा नाका, दुबईत सतवा, करामा आणि अल रिग्गा, सिंगापुरात ऑर्चर्ड रोडवरचा लकी प्लाझा, हाँगकाँगमध्ये सेंट्रलचं वर्ल्ड-वाइड हाउस. या जागांवर महिन्यातून एक चक्कर मारली तरी पुढच्या तिमाहीतले शो कळतात. दुबईत टॅग ९१.१ हे फिलिपिनो रेडिओ स्टेशन गाडीत लावून ठेवावं; तिकिटं जिंकायच्या स्पर्धा तिथे चालतात. टीएफसी, म्हणजे एबीएस-सीबीएन या फिलिपिनो माध्यम कंपनीची १९९४पासून चालणारी परदेशस्थांसाठीची वाहिनी, स्वतःही शो भरवते, आणि त्यांचा रविवारचा ‘एसॅप’ हा गाण्यांचा कार्यक्रम अधूनमधून परदेशातल्या सभागृहात होतो. तिथे एका तिकिटात डझनभर कलाकार दिसतात, पण प्रत्येकाच्या वाट्याला गाणी थोडी.

वार आणि घड्याळ

हाँगकाँगमध्ये मोठा शो रविवारी दुपारी का असतो, हे कळायला कायदा माहीत हवा. तिथल्या घरकामगारांना दर सात दिवसांत एक पूर्ण दिवस सुट्टी द्यावी लागते, आणि ती बहुतेकांना रविवारी मिळते. त्या दिवशी चेटर रोड गाड्यांना बंद असतो आणि सेंट्रलभर बायका पुठ्ठे अंथरून बसलेल्या दिसतात. अनेकींना रात्री ठरावीक वेळेच्या आत मालकाच्या घरी पोचायचं असतं. शनिवारी रात्री आठचा शो लावणारा आयोजक आपला निम्मा प्रेक्षक घालवून बसतो. सिंगापुरात १ जानेवारी २०२३पासून घरकामगाराला महिन्यात किमान एक सुट्टी द्यावीच लागते, त्या सुट्टीऐवजी पैसे देऊन भागत नाही. तेव्हा मैत्रिणींचा गट जमवून तिकिटं काढायची असतील, तर आधी प्रत्येकीची त्या महिन्याची सुट्टी कोणत्या रविवारी आहे ते विचारा, मग तारीख बघा. उलटं केलं की दोन तिकिटं विकायची वेळ येते.

आखातात रमजानमध्ये मोठे गाण्याचे कार्यक्रम जवळजवळ थांबतात, आणि रमजान दर वर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे सरकतो. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२२पासून शनिवार-रविवार सुट्टी आहे, पण दुकानांत आणि हॉटेलांत काम करणाऱ्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांची सुट्टी फिरती असते. म्हणून तिथले बारमधले बँड मधल्या वारीसुद्धा गर्दी खेचतात. पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, कुठेच फारसं काही नसतं. १६ ते २४ डिसेंबर पहाटेच्या मिस्सा चालतात आणि कलाकारांना मनिलातच कामं असतात, तेव्हा दौरे विरळ.

घोषणा मनिलाच्या घड्याळाने होते. फिलिपिन्समध्ये उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं) नाही, आपण राहतो तिथे असेल तर फरक बदलतो. मनिलात रात्री आठ म्हणजे सिंगापूर-हाँगकाँगला आठच, दुबईत दुपारी चार, लंडनला उन्हाळ्यात दुपारी एक आणि हिवाळ्यात बारा, न्यूयॉर्क-टोरंटोला सकाळी आठ किंवा सात, लॉस एंजेलिसला पहाटे पाच किंवा चार. पण ही वेळ पोस्टर जाहीर होण्याची. तिकिटविक्री बहुधा त्या शहराच्या घड्याळाने उघडते, आणि एकाच पोस्टरवर दोन्ही वेळा लिहिलेल्या असतात. ऐन वेळी गोंधळ होतो तो इथेच.

व्हिसा अडला की शो पुढे

अमेरिकेतले शो पुढे ढकलले जातात त्यामागे पुष्कळदा व्हिसा असतो, आणि पोस्टरवर ‘अपरिहार्य कारणांमुळे’ एवढंच येतं. गटासाठी पी-१बी हा वर्ग आहे; त्यात गटातले निदान ७५ टक्के सदस्य वर्षभर तरी गटात असावे लागतात. नुकताच ड्रमर आणि गिटारवाला बदललेल्या चार जणांच्या बँडला हे गणित जमत नाही. एकट्या गायकाला पी-१बी लागूच होत नाही, त्याला ओ-१ किंवा पारंपरिक कलेसाठीचा पी-३ बघावा लागतो. अर्ज अमेरिकेतला आयोजक किंवा एजंट आय-१२९ या फॉर्मवर करतो. जादा फी भरून जलद निकाल घेतला तरी कामाचे १५ दिवस धरावे लागतात, आणि त्यानंतर मनिलातल्या दूतावासात मुलाखत. तेव्हा महिन्याभरावर आलेल्या शोच्या पानावर अजून ‘लवकरच सविस्तर’ असंच असेल, तर विमानाचं तिकीट आणि हॉटेल परत मिळणाऱ्या दरात काढा. कॅनडात परदेशी कलाकारांच्या छोट्या दौऱ्याला बहुधा वर्क परमिट लागत नाही (बार-रेस्टॉरंटमध्ये नियमित गाणं वेगळं), म्हणून अमेरिकेतला टप्पा रद्द होऊनही टोरंटोचा शो ठरल्याप्रमाणे होऊ शकतो. एका शहराचा रद्द झाला म्हणून दुसऱ्याची आशा सोडू नये.

व्हिसाचा आणखी एक परिणाम कमी बोलला जातो. सगळ्या सदस्यांना व्हिसा मिळत नाही तेव्हा बँड निम्माच येतो आणि बाकीची वाद्यं स्थानिक वादक सांभाळतात. एकटा गायक तर पुष्कळदा ‘मायनस वन’वर, म्हणजे आधी ध्वनिमुद्रित केलेल्या साथीवर गातो. पोस्टरवर ‘फुल बँड’ लिहिलंय का ते पाहा. नसेल तर आयोजकाला सरळ निरोप पाठवून विचारा. यात भिडस्तपणा करायचं कारण नाही. बँडचं नाव आणि बँडमधून बाहेर पडलेल्या गायकाचं नाव यांतला फरकही डोळ्यांत तेल घालून वाचावा. रिव्हरमायासारख्या बँडमधून बाहेर पडलेल्यांचे स्वतंत्र शो असतात, आणि पोस्टर डिझाइन करणारे जुन्या बँडचं नाव मोठ्या अक्षरांत घालतात.

तिकीट

मनिलाच्या सभागृहांत एसव्हीआयपी, व्हीआयपी, पेट्रन, लोअर बॉक्स, अप्पर बॉक्स, जनरल ॲडमिशन अशी उतरती भाजणी असते. परदेशातले आयोजक हीच नावं उचलतात, पण जागा तशा नसतात. बॉलरूममध्ये ‘लोअर बॉक्स’ म्हणजे सपाट जमिनीवरच्या मागच्या खुर्च्या असू शकतात. सपाट जमीन आणि बुटका मंच असेल तर पंधराव्या रांगेपलीकडे गायक दिसत नाही, पुढच्यांचे वर केलेले फोन दिसतात. अशा वेळी बाल्कनीची पहिली रांग स्वस्तही पडते आणि दिसतंही नीट. आवाजाचंही तेच. कमी उंचीच्या छताखाली फक्त समोर दोन स्पीकर लावलेले असतील तर मागे शब्द गिचमिड ऐकू येतात, आणि फिलिपिनो गाण्यात शब्द गेले की बरंच गेलं. पैसे भरण्याआधी सीटिंग प्लॅन मागा. ‘व्हीआयपी’त नेमकं काय आहे तेही: साउंडचेक पाहायला मिळणार, शो संपल्यावर कलाकार ओळीने निरोप देणार, की वैयक्तिक फोटो. तिन्हींची किंमत सारखी लावलेली असते, पदरात पडतं ते वेगळं.

फीचा चटका ठरलेला. अमेरिकेच्या सरकारी लेखा कार्यालयाने २०१८च्या अहवालात पहिल्या विक्रीतल्या तिकिटांवरची फी सरासरी २७ टक्के असल्याचं नोंदवलं होतं. १२ मे २०२५पासून तिथे सगळी अनिवार्य फी धरूनच किंमत दाखवायचा नियम आहे. त्यामुळे शेवटच्या पानावर आकडा अचानक फुगला, तर ती साइट कुणाची आहे ते आधी तपासा.

फसवणूक मुख्यतः पुनर्विक्रीत. शो जवळ आला की फेसबुक गटांत ‘पासालो’च्या पोस्ट येतात: जाता येत नाही, तिकीट कुणीतरी घ्या. खऱ्याही असतात. विक्रेता क्यूआरचा स्क्रीनशॉट पाठवतो म्हणाला, तर थांबा. तिकीटमास्टरच्या मोबाइल तिकिटाचा बारकोड सतत बदलतो, स्क्रीनशॉट दारावर चालत नाही. चालणाऱ्या साध्या क्यूआरचा स्क्रीनशॉट पाच जणांना विकलेला असू शकतो, आणि आत जातो पहिला. तिकीट ॲपमधून आपल्या खात्यावर ट्रान्सफर झालं तरच पैसे. पेपॅलवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने पाठवलेल्या पैशाला खरेदीदाराचं संरक्षण नाही, ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’ला आहे, विक्रेता पहिलाच पर्याय हट्टाने मागत असेल तर त्याचं कारण तेच. विक्रेत्याचं खातं किती जुनं, गटात त्याच्या आधीच्या पोस्ट काय, दोघांच्या ओळखीचं कुणी आहे का, हे पाच मिनिटांचं काम आहे.

बेकरीतून घेतलेल्या कागदी तिकिटाचं आणखी वेगळं. पुढूनमागून फोटो काढा, अनुक्रमांक टिपा, विकणाऱ्याकडून पावतीवर आयोजकाचा फोन लिहून घ्या. शो रद्द झाला की आयोजक म्हणतो ‘जिथून घेतलंत तिथे जा’, आणि बेकरीवाला म्हणतो ‘मी नुसतं ठेवलं होतं’. कार्डाने भरलेले पैसे बँकेकडून परत मागता येतात, साधारण शोच्या ठरल्या तारखेपासून १२० दिवसांत. ‘नवी तारीख लवकरच’ असं महिनोन्‌महिने चालू राहिलं तर ही मुदत हातची जाते. म्हणून तीन महिने होत आले की लेखी परतावा मागा आणि उत्तर आलं नाही तर बँकेत दावा टाका. समाजातला माणूस, ओळखीचा, त्याच्यावर दावा कसा टाकायचा, असा संकोच इथे फार असतो, आणि काही आयोजक नेमके त्याच्यावरच जगतात.

संध्याकाळी

अरीनातला शो वेळेवर सुरू होतो, कारण उशीर झाला तर सभागृह दंड लावतं. बॉलरूममधल्या शोला पोस्टरवरच्या वेळेत तासदीड तास मिळवा. सातला स्थानिक मुलांचं नृत्य, मग पैसे पाठवणाऱ्या कंपनीचं भाषण, मनिलात फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरचा व्हिडिओ, मग सोडत. तिकिटाचा तुकडा फेकू नका, सोडतीचा नंबर त्यावर असतो. मुख्य गायक साडेआठ-नऊला. याचा अर्थ उशिरा जावं असा नाही: खुर्च्या क्रमांकाच्या नसतील तर लवकर आलेला पुढे बसतो. शेवटची मेट्रो कितीची आहे ते मात्र आधी बघून ठेवा.

सामुदायिक कार्यक्रमांत, विशेषतः जूनमध्ये, सुरुवातीला राष्ट्रगीत होतं. उभं राहायचं, आणि फिलिपिनो माणसं उजवा तळवा छातीच्या डाव्या बाजूला ठेवतात. १९९८च्या आरए ८४९१ कायद्यात तसं लिहिलेलं आहे. पाहुण्याने शांत उभं राहिलं तरी पुरतं.

नंतर मात्र शांत बसण्याचं काही काम नाही. प्रेक्षक पहिल्या ओळीपासून सगळी गाणी गातो, आणि गायक माइक प्रेक्षकांकडे वळवून मोकळा होतो. ज्यांना कलाकाराचाच आवाज ऐकायचाय त्यांनी बसायचं ठिकाण स्पीकरजवळ निवडावं. मध्येच मंचावरून विचारणा होते, कुठले तुम्ही, आणि सभागृह प्रांतवार ओरडतं: पंगासिनान, इलोइलो, सेबू. मधल्या बेटांवरची बिसाया मंडळी जास्त असतील तर सेबुआनो गाण्याची फर्माईश होते; २०१३पासून चाललेल्या ‘व्हिसपॉप’ गीतस्पर्धेने त्या भाषेतली नवी गाणी बरीच पुढे आणली आहेत. शेवटी ‘इसा पा!’ ही आरोळी, म्हणजे अजून एक.

एसबी१९चे चाहते स्वतःला एटिन म्हणवतात, बिनीचे ब्लूम. त्यांच्या शोला जाण्याआधी घोषांची क्लिप एकदा ऐकून जा; गाण्यातल्या ठरावीक जागी सदस्यांची नावं ओरडायची असतात आणि सगळं सभागृह एका सुरात ओरडतं. दाराबाहेर चाहते स्टिकर, फोटोकार्ड, कागदी बॅनर फुकट वाटतात. घ्या, पण बॅनर केव्हा वर धरायचा ते मागे छापलेलं असतं, ते वाचा. लाइटस्टिकमध्ये ताज्या बॅटऱ्या आणि एक जादा संच. अमेरिकेतल्या बऱ्याच अरीनांत पारदर्शक पिशवीचाच नियम आहे, साधारण १२ बाय ६ बाय १२ इंच. बॅनरच्या काठ्या आणि मोठे कॅमेरे दारावरच अडतात. टीशर्ट हवा असेल तर शो सुरू होण्याआधी घ्या, मधल्या मापांचे आधी संपतात, आणि मापं मनिलाची असल्याने एक माप मोठंच बरं.

ज्यांची पोस्टरं दिसत नाहीत

फिलिपिनो गाणं म्हटलं की सगळे पॉप बँडकडे धावतात. पण परदेशात सगळ्यात चांगलं आणि स्वस्तात ऐकायला मिळणारं फिलिपिनो संगीत समूहगायनाचं आहे, असं माझं मत. फिलिपीन मॅड्रिगल सिंगर्स हा गट १९६३मध्ये आन्द्रेआ व्हेनेरासियोन यांनी फिलिपिन्स विद्यापीठात सुरू केला. १९९७ आणि २००७ अशी दोनदा युरोपियन ग्रां प्री त्यांनी जिंकली. ते अर्धवर्तुळात खुर्च्यांवर बसून गातात, समोर संचालक नसतो. डावीकडे टोकाला बसलेली व्यक्ती मान आणि बोटांच्या हलक्या खुणांनी सूर देते. दौऱ्यावर असले की चर्चमध्ये गातात, आणि पुष्कळदा तिकीट नसतं, दाराशी देणगीची पेटी असते. बोहोलमधल्या लोबोक गावचं मुलांचं कॉयर हे आणखी एक नाव. यांची खबर कॉन्सर्ट साइटवर येत नाही. फिलिपीन वाणिज्य दूतावासाचं फेसबुक पान, दूतावासांतलं ‘सेन्ट्रो रिझाल’ हे सांस्कृतिक केंद्र आणि चर्चचं साप्ताहिक पत्रक, तिन्हीकडे नजर ठेवावी.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत वसंतात विद्यार्थ्यांच्या ‘पिलिपिनो कल्चरल नाइट’ होतात. यूसीएलएची रॉइस हॉलमधली नाइट त्यात प्रसिद्ध. नाटक, टिनिक्लिंग नाच आणि तंतुवाद्यांची रोन्दाल्या, तीन तास सहज जातात. मिंदानाओच्या कुलिंतांग घंटांचे जाहीर प्रयोग कॅलिफोर्नियात होतात, त्यामागे २०१६मध्ये निवर्तलेले दानोंगान कलांदुयान यांनी घडवलेले शिष्य आहेत.

हॉटेलातले बँड तर आठवड्याला ऐकता येतात. आशिया आणि आखातातल्या हॉटेलांत फिलिपिनो बँड कित्येक दशकं गातायत. २००७मध्ये अमेरिकेच्या ‘जर्नी’ बँडने यूट्यूबवर पाहून ज्यांना निवडलं ते आर्नेल पिनेडा पूर्वी कित्येक वर्षं हाँगकाँगच्या बारमध्येच गायले होते. हे बँड बहुतांशी इंग्रजी गाणी वाजवतात. ओपीएम हवं असेल तर मध्यांतरात चिठ्ठी पाठवायची.

थेट मनिलाला

सुट्टीवर जातानाच मोठा शो पकडायचा बेत असेल तर अरानेता कोलिसियमची तिकिटं तिकीटनेटवर आणि मॉल ऑफ एशिया अरीनाची एसएम तिकिट्सवर मिळतात. परदेशी कार्ड ओटीपीपाशी अडतं, कारण ओटीपी जातो कार्डाला जोडलेल्या परदेशातल्या नंबरवर. ते सिम रोमिंगवर चालू ठेवा, नाहीतर तिथल्या नातेवाइकाकडून काढून घ्या. आईवडिलांकडे फिलिपिन्सचं ज्येष्ठ नागरिक कार्ड असेल तर कायद्याने २० टक्के सूट आहे, पण ती बहुधा काउंटरवर कार्ड दाखवून मिळते, ऑनलाइन नाही. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना जून २०२५पासून १४ दिवस व्हिसाशिवाय पर्यटनासाठी जाता येतं. विमानात बसण्याआधीच्या ७२ तासांत ई-ट्रॅव्हल नोंदणी करावी लागते.

फिलिपीन अरीना हे प्रकरण निराळं. २०१४मध्ये उघडलेलं, ५५,००० माणसं मावतील एवढं, आणि मनिलाच्या बाहेर बुलाकान प्रांतात बोकावे गावाजवळ. शहरातून महामार्गाने जायला एरवी तासभर, शोच्या दिवशी तीन तास. शो सुटल्यावर गाड्या वाहनतळातून बाहेर पडायलाच दीडदोन तास लागतात, टॅक्सी ॲपवर गाडी मिळत नाही. चाहत्यांचे गट शटल बस ठरवतात. जातायेताची जागा तिकिटाबरोबरच राखून ठेवा, बसचा नंबर आणि ती कोणत्या गेटला उभी राहील याचा फोटो काढून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं परतीचं विमान घेऊ नका.